सुट्टी झाल्यावरची संध्याकाळ

दारूच्या पेशंटला सुट्टी मिळते ती सकाळी. राउंड होतो, डॉक्टर केसपेपरवर सही करतात, बायको डबा, चादर, ताटवाटी पिशवीत भरते आणि अकराच्या सुमारास दोघं माझ्या टेबलाशी येतात. हातांची थरथर गेलेली असते, जेवण जात असतं, आठवडाभराच्या झोपेने चेहरा उजळलेला असतो. "ताई, आता नाव नाही घेणार तिचं," तो म्हणतो. तो मनापासून म्हणत असतो, याबद्दल मला इतक्या वर्षांत कधी शंका आली नाही. मला धास्ती असते ती त्याच दिवशीच्या संध्याकाळची.

नागपुरातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मी समाजसेवा अधीक्षक आहे. पेशंटची कागदपत्रं, घरच्यांशी बोलणं, कामाच्या ठिकाणी चिठ्ठी पाठवणं आणि सुट्टीनंतर त्याचं काय झालं याचा माग ठेवणं हे माझं काम. इथे ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून गाव, धंदा, नातं यांत फेरफार केले आहेत.

दारू शरीरातून काढण्याचं काम तसं आठ-दहा दिवसांचं. पण ते दिवस सोपे नसतात. रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की काही तासांतच घाम, थरथर, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम होतो, डॉक्टर त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. जन्मभर ट्रकवर काढलेला एक ड्रायव्हर रात्रभर खाटेवर बसून गाडी चालवत होता. उजवा हात स्टेअरिंगवर, डाव्या हाताने गिअर, डावा पाय खाटेच्या लोखंडी दांडीवर क्लच म्हणून दाबलेला, आणि मध्येच समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला "साइड दे बे!" म्हणून आरोळी. एका शिंप्याने चादरीची कड दुमडून दुमडून पहाटेपर्यंत टीप मारली होती. हातातलं काम भ्रमातही सुटत नाही. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण त्या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. म्हणून "दार लावून चार दिवस कोंडून ठेवतो, आपोआप सुटेल" असं कोणी म्हणालं की मी हात जोडते. आधी दवाखान्यात आणा. थरथर आणि फिट आवरणाऱ्या गोळ्या, थायमिनची इंजेक्शनं, सलाइन हे सगळं इथे आहे आणि सरकारी दवाखान्यात ते परवडतंही.

पण त्या आठ-दहा दिवसांत संध्याकाळी सहाचं औषध कोणी देत नाही.

पंधरा-वीस वर्षं या माणसाच्या संध्याकाळचं एकच ठिकाण ठरलेलं होतं. पाळी सुटली की तिकडे. दोस्त तिथे, गप्पा तिथे, भांडणं तिथे, उधारीही तिथेच. दारू सुटली की सहा ते नऊ हे तीन तास हातात येतात आणि त्यांचं काय करायचं हे त्याला ठाऊक नसतं. घरी बसला तर बायको आणि पोरं डोळ्यात तेल घालून त्याच्याकडे बघत बसतात. बाहेर पडला तर पाय ओळखीच्या रस्त्याला लागतात. माझ्याकडे परत आलेल्या पेशंटना मी विचारत गेले की पुन्हा पहिला ग्लास कधी घेतला. कोणी भांडणानंतर म्हणालं, कोणी लग्नात, कोणी पगाराच्या दिवशी. पण बहुतेकांच्या बोलण्यात दिवेलागणीची वेळ होतीच.

आम्ही पूर्वीपासून केसपेपरच्या मागे 'एए'चा पत्ता लिहून देत होतो. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचीच एकमेकांना आधार देणारी संघटना. फी नाही, फॉर्म नाही, हजेरीपट नाही. दारू सोडायची इच्छा, एवढी एकच अट. नागपुरात त्यांचे गट आहेत आणि मी पाहिलेल्या सगळ्या मीटिंगा संध्याकाळच्याच, नेमक्या त्या तीन तासांतल्या. कागदावर सगळं जुळत होतं. तरी फॉलोअपला आलेल्याला "गेला होता का?" विचारलं की मान खाली जायची.

एकाने शेवटी खरं कारण सांगितलं. "गेलो होतो ना ताई. शाळेच्या फाटकापाशी वॉचमन होता. त्याले काय इचारू? दारुड्यायची मीटिंग कुठी हाय म्हणून?" तो फाटकापाशी थोडा वेळ उभा राहिला, खर्रा घेतला आणि परतला. परतीच्या वाटेवर भट्टी होती.

त्याचं म्हणणं मला पटलं. ही जागा सापडणं खरोखरच अवघड असतं. गट भरतो तो शाळा सुटल्यावरच्या एखाद्या वर्गात, नाहीतर चर्चच्या मागच्या खोलीत. येणाऱ्यांची नावं गुप्त राहावीत म्हणून बाहेर मोठी पाटी नसते. वर्तुळात त्रिकोण असलेलं छोटं चिन्ह टांगलेलं असतं, आणि ते माहीत नसलेल्याला काही सांगत नाही. वेळ अंधाराची. अंगात आठ दिवसांचा अशक्तपणा, मनात भीती की आत गल्लीतलाच कोणी निघाला तर. अशा माणसाच्या हातात आम्ही पत्त्याची चिठ्ठी ठेवत होतो.

म्हणून मी स्वतः गेले. एएच्या काही मीटिंगा 'क्लोज्ड' असतात, त्यांना फक्त मद्यपीच बसू शकतात. 'ओपन' मीटिंगला घरचे, डॉक्टर, माझ्यासारखे कोणीही चालतात. ती खोली चौथीच्या वर्गाची होती. फळ्यावर कोपऱ्यात त्या दिवशीची पटसंख्या तशीच राहिलेली. लहान मुलांच्या बाकांवर थोराड माणसं गुडघे तिरपे करून बसली होती: एक रेल्वेतला, एक पानठेलेवाला, एक वकील, एमआयडीसीतले दोघं-तिघं, आणि पांढऱ्या शर्टातले एक काकाजी, ज्यांना सगळे उठून जागा देत होते. टेबलावर मराठी-हिंदी पुस्तकं, भिंतीला एएच्या बारा पायऱ्या (दारूमुक्त राहण्याची त्यांची वाट) आणि बारा परंपरा (गट चालवायची तत्त्वं) यांचे तक्ते टाचलेले. आधी काही वेळ शांतता आणि प्रार्थना. मग एकेक जण उठून आपलं पहिलं नाव सांगतो आणि म्हणतो, मी अल्कोहोलिक आहे. सगळे त्याला नावाने नमस्कार करतात.

मी समुपदेशन शिकलेली बाई. त्या खोलीत मला पहिल्यांदा जाणवलं की आम्ही वॉर्डात किती बोलतो. तिथे कोणी कोणाला सल्ला देत नव्हतं. 'तू' हा शब्दच नव्हता. जो उठेल तो स्वतःचंच सांगे, बाकीचे मध्ये बोलत नसत, प्रश्नही नाही. काकाजींनी सांगितलं ते साधारण असं: "पोरीच्या लग्नाचे पैसे होते पेटीत. मी एक नोट काढली. मले वाटलं, एकच तर हाय. दुसऱ्या दिवशी दुसरी. पेटी वजनाले तेवढीच रहावं म्हणून मी तिच्यात जुने पेपर भरत गेलो." एवढं सांगून ते थांबले, आणि आज प्यायलो नाही म्हणून बसले. माझ्या शेजारी वॉर्डातून आलेला माझा एक पेशंट होता. मी आठ दिवस त्याच्याकडून पैशांबद्दल एक वाक्य काढू शकले नव्हते. काकाजी बसले तसा तो उठला आणि बायकोच्या मंगळसूत्राचं बोलायला लागला.

शेवटी एक कापडी थैली फिरली. ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो, त्यातून खोलीचं भाडं आणि चहा भागतो. माझ्यापर्यंत आली तशी शेजारच्याने ती अलगद पुढे नेली. गटाचा खर्च गटानेच उचलायचा, बाहेरच्याचा पैसा घ्यायचा नाही, ही त्यांची सातवी परंपरा. सरकारी अनुदान, देणगीदाराची पाटी, उद्‌घाटनाची फीत यांतलं काही नसल्यानेच बहुधा हे गट वर्षानुवर्षं त्याच वर्गात भरत राहतात.

चहाच्या वेळी मी काकाजींना वॉचमनची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "पत्ता देऊ नका ताई. आमच्यातला माणूस देतो तुमाले."

हे त्यांनी काही नव्याने काढलेलं नव्हतं. एएचा जन्मच असा झालेला आहे. 1935 साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा दारू सुटलेला, धंद्यात बुडालेला शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हा दारू न सुटलेला सर्जन यांची भेट झाली. दुसऱ्या दारुड्याशी बोलत राहिलो तर आपली दारू सुटलेली राहते, हे बिलच्या ध्यानात आलेलं होतं. 10 जून 1935 हा बॉबच्या शेवटच्या दारूचा दिवस, तोच एएचा स्थापनादिन मानतात. त्यानंतर हे दोघं गेले कुठे, तर गावातल्या दवाखान्यात, दारूपायी भरती झालेल्या एका वकिलाच्या खाटेशी. तो त्यांचा तिसरा सभासद. 1939 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं आणि 1957 मध्ये एए मुंबईत पोचली. पण पत्रक वाटण्याच्या आधी खाटेशी जाऊन बसणं होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

विभागप्रमुखांची परवानगी घेतली आणि गटातले दोघं आठवड्यातून एकदा वॉर्डात येऊ लागले. येताना काही आणत नाहीत, भाषण करत नाहीत. खाटेच्या कडेला बसतात, "मीबी याच वॉर्डात होतो, त्या खिडकीपाशी," असं सांगतात. सुट्टीच्या आधी फोन नंबर देवघेव होते. आणि एक गोष्ट आम्ही ठरवून टाकली: सुट्टी सकाळी झाली तर मीटिंग त्याच संध्याकाळी. साडेसहाला त्यांच्यातला कोणी गाडी घेऊन पेशंटच्या दारात उभा. वॉचमनला काही विचारायची वेळच येत नाही.

याने सगळ्यांची दारू सुटली असं मी म्हणणार नाही. काही पहिल्या मीटिंगनंतर फिरकले नाहीत, काही वर्षभराने पुन्हा वॉर्डात आले. पण खोलीपर्यंत पोचणाऱ्यांत फरक पडला तो डोळ्यांना दिसण्यासारखा. संशोधनातही याला आधार आहे. 2020 साली कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात 27 अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं तपासली गेली. पेशंटला ठरावीक पद्धतीने एएशी जोडून देणारे उपचार पूर्ण दारूमुक्तीच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. त्यात 'जोडून देणारे' हे माझ्या लेखी मुख्य. आणि आपल्याकडे हे जोडणं किती तुटपुंजं आहे ते एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय अहवालात आहे: दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांत एकाला कसलातरी उपचार मिळालेला.

विदर्भात दारूवर बोलायचं म्हणजे दारूबंदीवर बोलायचं, असं होऊन बसलं आहे. वर्धा गांधीजींचा जिल्हा म्हणून सत्तरच्या दशकापासून बंदीत, गडचिरोली लोकांच्या आंदोलनानंतर 1993 पासून, चंद्रपूरला 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. गावातल्या बायकांनी यासाठी जे सोसलं आणि केलं त्याबद्दल मला आदर आहे. पण बंदी असो वा नसो, पिणारा माणूस बसमध्ये बसून नागपूरला येतो, आमच्या वॉर्डात भरती होतो आणि परत आपल्या गावी जातो, जिथे संध्याकाळी त्याला बसायला जागा नसते. मतं मागताना या जागेचा विषय कोणी काढत नाही. पुण्याला 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं आणि व्यसन हा आजार आहे ही गोष्ट मराठी घरांत पोचली. विदर्भातूनही तिथे माणसं जातात. महिनाभराच्या उपचारानंतर तीही आपापल्या गावच्या संध्याकाळीच परततात.

नागपूरच्या गटांत एक अडचण खास इथली आहे. बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो. 14 ऑक्टोबर 1956 ला याच शहरात बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांत ईश्वर न मानण्याच्या प्रतिज्ञा आहेत आणि दारू न पिण्याचीही आहे. उत्तर नागपुरातला एक पेशंट मला म्हणाला होता, "दारू प्यालो तवा एक प्रतिज्ञा मोडली. आता ती सोडाले देवाची प्रार्थना करू, म्हणजे दुसरीबी मोडू?" मला उत्तर सुचलं नाही. उत्तर गटातल्या एका जुन्या बौद्ध सभासदाने दिलं. पायऱ्यांत 'ज्याला जसा उमजेल तसा' ईश्वर म्हटलं आहे, आणि ती सवड सुरुवातीच्या काळातल्या काही नास्तिक सभासदांच्या आग्रहामुळेच ठेवली गेली. "माझ्यापेक्षा मोठं काय? हे पंधरा लोकं. मी एकटा होतो तवा हरलो, यायच्यात बसलो तवा टिकलो. मी प्रार्थनेच्या वेळी पंचशील म्हणतो मनात." आता तो पेशंटही तसंच करतो. कोणाला त्याचं वावडं नाही.

एका बाबतीत मात्र मी गटातल्या काही जुन्या लोकांशी भांडते. "गोळी खाऊन राहतो तो कसला सोबर?" असं नव्या माणसाला सांगणारे आहेत. एएची स्वतःची भूमिका अशी नाही; सभासदांनी डॉक्टर बनू नये, असं त्यांचंच साहित्य सांगतं. नैराश्याची, फिटची, दारूची ओढ कमी करणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी बंद करू नये. काकाजींनी ही बाब मीटिंगच्या शेवटी घोषणेत घालून घेतली, याचं मला समाधान आहे.

पोळा आला की आमच्याकडे सगळे सावध होतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, 'कर' असते तेव्हा, मटण आणि दारू ही गावोगावची रीतच. नागपुरात त्याच दिवशी तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक. गटातले लोक त्या दिवशी सकाळपासून एकमेकांना फोन करत असतात: कुठे आहेस, जेवलास का, कोणासोबत आहेस. जो घसरला तो दुसऱ्या दिवशी मीटिंगला आला तरी त्याला कोणी बोल लावत नाही. पिऊन आला तरी बसू देतात, फक्त त्या दिवशी बोलू देत नाहीत. वर्षानुवर्षं घरात, सासरवाडीत, कामावर शिव्या खाल्लेल्या माणसाला हा पाहुणचार कळायलाच काही आठवडे लागतात.

घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. बिलची पत्नी लोइस हिने 1951 मध्ये दुसऱ्या एका मैत्रिणीसह ती उभी केली. आमच्या पेशंटच्या बायका तिथे जायला कां-कूं करतात. "पितो तो, अन् मी काहून जाऊ मीटिंगले?" पण ज्या गेल्या त्यांना नवऱ्याचे खिसे तपासण्यापलीकडे स्वतःचं काहीतरी आयुष्य दिसायला लागलं, हे मी पाहिलं आहे. नवऱ्याची सुटो न सुटो, तिने जावं असं माझं मत आहे.

कोणाला गट शोधायचा असेल तर जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारावं, किंवा केंद्र सरकारच्या व्यसनमुक्तीच्या 14446 या मोफत क्रमांकावर फोन करावा. पत्ता मिळाला की थांबू नये. न्यायला कोण येईल, कुठे उभं राहायचं आणि मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड, हेही विचारून घ्यावं.

माझ्यापुढे सध्या प्रश्न आहे तो पिणाऱ्या बायकांचा. त्याच 2019 च्या अहवालात दारू घेणाऱ्या बायका देशात शेकडा 1.6 आहेत, पुरुष 27.3. पण त्या थोड्या बायका वॉर्डात येतात तेव्हा सोबत बहुधा कोणी नसतं. नवऱ्याला सोडवायला बायको धावते. बायकोला सोडवायला आलेला नवरा क्वचितच भेटला. आणि संध्याकाळी सात वाजता पुरुषांनी भरलेल्या वर्गात एकटीने जाऊन बस, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? बांधकामावर जाणारी एक बाई मला म्हणाली, "रातच्याले घराबाहेर निंगली तर तोच म्हनन, प्याले गेली." तिला दुपारची मीटिंग हवी आहे, फक्त बायकांची.

गटातल्या दोन स्त्री सभासद ती चालवायला तयार आहेत. जागेसाठी सकाळपाळीच्या एका शाळेशी बोलणं झालं. दुपारी तिथले वर्ग मोकळे असतात. मुख्याध्यापिकाबाईंनी बायका कोण, कशासाठी येणार, हे नीट ऐकून घेतलं. भाडं किती घ्यावं यावर थोडी चर्चा झाली, कारण त्या फुकट द्यायला निघाल्या होत्या आणि या दोघी फुकट घ्यायला तयार नव्हत्या. आमच्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर त्या दोघी वॉर्डात येऊन बांधकामावरच्या त्या बाईच्या खाटेशी बसतात.